मोगरा शेजाऱ्याला का दाखवायचा?

मंडळी, आज जरा अंगणात उतरू. लोणार तालुक्यातल्या या आपल्या बीबीत एप्रिलच्या उन्हात कुणाकडे मोगरा फुलला, की आधी शेजारणीला हाक जाते, ‘या, बघा.’ का बरं? १७९० च्या ग्रंथात कांट म्हणतो, ‘मला आवडलं’ हे आपल्यापुरतं असतं. ‘सुंदर आहे’ म्हटलं, की आपण दुसऱ्याच्याही होकारावर हक्क सांगतो. मुक्त सौंदर्याची उदाहरणं देताना तो सुरुवात फुलांपासूनच करतो.

पण कांटच्या फुलाला पाणी लागत नाही! इथं शेजारीण फूल बघते आणि लगेच विचारते, “काकू, पानी किती देता?” प्रश्न साधा नाही. पिण्याचं पाणी मोजून वापरायच्या दिवसांत फुलाला तांब्याभर तरी घालावं का? आपण म्हणू, तांदूळ-डाळ धुतलेलं घाला. चिनी गुलाब तर पानांतच पाणी साठवतो, त्याला थोडंही पुरतं. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, म्हणून तो उन्हाळ्याआधीच छाटायचा. कांटला सौंदर्याचा आनंद निर्हेतुक हवा होता. या हिशेबानं तो बाटतो, असं आम्हाला वाटत नाही. शेजारीण हे सगळं ऐकते, आणि जाताना पावसाळ्यात लावायला एक फांदी सांगून ठेवते.