मेजावरचे कागद आणि परक्या भाषेचा पाठ

जपानी कंपन्यांशी व्यवहार असलेल्या चाकण परिसरातील अभियंत्यांसाठी भाषेचा अभ्यासक्रम आखावयाचा असला, म्हणजे व्याकरणाचे पुस्तक उघडण्यापूर्वी मी, वरिष्ठांची मंजुरी घेऊन, त्या मंडळींच्या मेजावर रोज येणारे कागद मागवून घेतो. कारण शिकणाऱ्यास ही भाषा नेमकी कशासाठी हवी आहे हे आधी विचारावे, असा आग्रह हचिन्सन आणि वॉटर्स यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात धरला आहे, आणि त्या प्रश्नाचे उत्तर शिकणाऱ्याच्या तोंडून क्वचितच पुरते मिळते, त्याच्या दफ्तरात मात्र हटकून सापडते. ड्रॉइंगे, तपासणीचे तक्ते, सदोष मालाविषयीची विचारणा, तिला दिलेला जबाब, या साऱ्यांत 'नोकी' म्हणजे माल पोचविण्याची मुदत, 'कोसा' म्हणजे टॉलरन्स, 'केन्सा' म्हणजे तपासणी, ही चित्रलिपीतील जोडचिन्हे पानोपानी भेटतात; पाठ्यपुस्तकाच्या शिरस्त्याने गेल्यास ती फार उशिरा हाती यावयाची, म्हणून मी ती आरंभीच, लिहिण्याचा आग्रह न धरता, केवळ ओळखण्यापुरती शिकवितो.

खरी कसोटी टेलिफोनवर लागते. आपल्या कचेऱ्यांत वरिष्ठांचा उल्लेख कोणाहीपुढे 'साहेब' म्हणूनच व्हावयाचा. जपानी कचेरीत मात्र ग्राहकाचा फोन आला असता आपल्याच व्यवस्थापकाच्या नावापुढील आदरार्थी 'सान' गाळावे लागते आणि त्याच्या हालचालीही नम्रतादर्शक क्रियापदांनी सांगाव्या लागतात, परंतु त्याच व्यवस्थापकाच्या पत्नीने फोन केला की तेच 'सान' सन्मानाने परत येते. हा नियम तक्त्यावरून समजतो, जिभेवर बसत नाही. म्हणून दोघांना पाठीला पाठ लावून बसवावे, म्हणजे मुद्रेचा आधार राहत नाही, आणि फोन करणाऱ्याच्या हाती प्रत्येक वेळी निराळी चिठ्ठी द्यावी: कधी ग्राहक, कधी दुसऱ्या खात्याचा प्रमुख, कधी घरची मंडळी. साहेबांचा निव्वळ नावाने उल्लेख करताना आपली सुसंस्कृत मुले पहिल्यांदा अडखळतात; हा संकोच संस्काराचा आहे, अज्ञानाचा नव्हे, आणि त्यास पुरेसा अवधी दिलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

कंपनीच्या चालकांचा ओढा प्रमाणपत्राकडे असतो, व तो स्वाभाविक आहे. परंतु २०१० पासून पाच पायऱ्यांची झालेली जी सर्वमान्य जपानी परीक्षा, तीत संभाषणाची चाचणीच नाही, आणि ती उत्तीर्ण झालेला मनुष्यही वाजता टेलिफोन उचलण्यास कचरतो. यास्तव अखेरची परीक्षा मी निराळी घेतो: सदोष मालाची एक विचारणा पुढे ठेवून तिचे उत्तर फोनवर द्यावयास सांगतो, आणि पलीकडे शक्य तेव्हा कारखान्यातील जपानी तपासनीसालाच बसवितो. कोणता भाग, किती नग, दोषाचे कारण काय आणि बदली माल केव्हा पोचेल, एवढे त्याला आपल्या वहीत बिनचूक उतरवून घेता आले, तर विभक्तीच्या चुकांचे गुण मी कापीत नाही.