तिन्हीसांजेचं रडणं

दीड महिन्याचं बाळ दिवेलागणीला रडू लागलं, की आपल्याकडे निदान तयार असतं: 'दूध पुरत नाही.' आधी दृष्ट काढतात, मग डबा येतो. या रडण्याचा शोध घेताना मला अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझेल्टन यांचं १९६२चं काम सापडलं. त्यांनी ८० आयांकडून रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या. सहाव्या आठवड्यात निरोगी बाळंही दिवसाला साधारण पावणेतीन तास रडत होती, तीही बहुतेक संध्याकाळी. पुढे ते उतरत गेलं. कलहारीतल्या कुंग सान आया बाळाला दिवसभर अंगाशी बांधून वावरत, मागेल तेव्हा पाजत. तिथेही रडण्याचा चढ याच वयात दिसला. एकेका वेळचं रडणं मात्र लवकर आटपत होतं.

मला खटकतो तो डबा. त्याने पोट भरलं की बाळ अंगावर कमी पितं, म्हणून दूध खरोखरच आटतं आणि सासूबाईंचं निदान खरं ठरतं! त्यापेक्षा लंगोट मोजावेत. दिवसाला सहा-सात ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. ताप असेल किंवा बाळ पितच नसेल, तर मात्र थेट दवाखाना गाठावा.