रोगजंतूंचा शोध आणि शास्त्रज्ञांची 'योग्या'

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात 'योग्या' सांगितली आहे. रुग्णाच्या देहावर शस्त्र चालविण्यापूर्वी शिष्याने छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांवर आणि वेधनाचा सराव कमळाच्या देठावर करावा. शास्त्र पुष्कळ ऐकूनही ज्याने योग्या केली नाही तो कर्मास अयोग्य, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय आहे. रोगजंतूंचा शोध घेणाऱ्या आजच्या शास्त्रज्ञांचे प्रशिक्षण याच तत्त्वावर उभे आहे. त्याचा आपल्या चिकित्सालयाशी व औषधशाळेशी कोणता संबंध येतो, ते येथे पाहू.

सरावाची उणीव

सार्सची साथ आटोक्यात आल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 5 जुलै 2003 रोजी जाहीर केले. त्यानंतर वर्षभराच्या आत तीन ठिकाणी प्रयोगशाळेतूनच या विषाणूची बाधा झाली. सिंगापूरचा संशोधक विद्यार्थी वेस्ट नाईल विषाणूवर काम करीत होता. त्याच्या संवर्धात सार्सचा विषाणू मिसळला गेला होता. तैवानमध्ये सांडलेला कचरा साफ करताना एका शास्त्रज्ञाला बाधा झाली. बीजिंगमध्ये 2004 साली, निष्क्रिय झाल्याचे गृहीत धरलेला विषाणू प्रत्यक्षात पुरता निष्क्रिय झालेला नव्हता. तेथे 9 जण बाधित झाले व एका संशोधिकेच्या आईचा मृत्यू झाला. तिन्ही ठिकाणी उपकरणे होती. उणीव होती ती शिस्तीच्या सरावाची.

प्रशिक्षणात काय शिकवितात?

प्रारंभ निरुपद्रवी द्रव्यांपासून होतो. हातमोज्यांवर अतिनील प्रकाशात चमकणारी पूड लावून ते काढावयास सांगतात. दिवा मालवून अतिनील प्रकाश टाकताच मनगटावरचा डाग चूक दाखवून देतो. जैवसुरक्षा कपाटात हात सावकाश हलविण्याची सवय लावतात, कारण घाईने संरक्षक वायुप्रवाह विस्कळीत होतो. पीसीआर चाचणीत कणभर मिसळणीनेही निरोगी व्यक्ती 'बाधित' ठरू शकते. म्हणून प्रत्येक टप्प्याची खोली वेगळी आणि प्रत्येक वेळी जंतुरहित नमुन्याची जोड आवश्यक असते. शेवटी, आत काय आहे हे न सांगता नमुने देऊन परीक्षा घेतात.

याला दुसरीही बाजू आहे. जंतूंपासून माणसाचे रक्षण ही बायोसेफ्टी, तर दुर्हेतूच्या माणसापासून जंतूंचे रक्षण ही बायोसिक्युरिटी. अमेरिकेत 2001 साली टपालातून अँथ्रॅक्सचे बीजाणू पाठविले गेले. 22 जण आजारी पडले, त्यांपैकी 5 दगावले. तपासयंत्रणेचा अंतिम निष्कर्ष लष्करी प्रयोगशाळेतील एका शास्त्रज्ञाकडेच बोट दाखविणारा होता. म्हणून कुपी किती, कोणाच्या ताब्यात, नष्ट कधी केली, याची नोंदवही हाही प्रशिक्षणाचा विषय आहे.

आपल्या दाराशी

2016 साली सिंधुदुर्ग जिल्ह्यात माकडताप, म्हणजे क्यासनूर वनज्वर, पसरला. प्रारंभी हा ज्वर इतर कोणत्याही ज्वरासारखाच दिसतो. निश्चिती पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणीच होते. हा विषाणू प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांनाही बाधतो, यासाठी कुप्रसिद्ध आहे. जानेवारी 2020 मध्ये करोनाची तपासणी देशात याच एका संस्थेत होत होती. वर्षअखेरीस तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा दोन हजारांवर गेल्या. प्रशिक्षित माणसे हाताशी नसती तर नुसती यंत्रे आणून हे साधले नसते.

मात्र या साखळीची पहिली कडी गावातील वैद्य असतो. माझ्याकडील एका ज्वररुग्णाचा रक्तनमुना भर उन्हात स्कूटरच्या डिकीत राहिला आणि 'तपासणीस अयोग्य' असा शेरा घेऊन परत आला. तोवर चार दिवस गेले होते. चूक माझीही होती. नेणाऱ्याला मी काहीच समजावून सांगितले नव्हते. नमुना गळती न होणाऱ्या नळीत, भोवती शोषक कापूस, त्याबाहेर दुसरे बंद पात्र, त्याबाहेर टणक पेटी आणि आत बर्फाच्या पिशव्या, एवढे आपल्या सहायकाकडून एकदा रिकाम्या नळीवर करवून घ्यावे. हीच आपली योग्या.

औषधशाळा चालविणाऱ्या बंधूंसाठी एक सूचना. चूर्णे व काढ्याची द्रव्ये ई. कोलाय, साल्मोनेला, स्यूडोमोनास, स्टॅफिलोकोकस यांपासून मुक्त आहेत हे तपासताना तुलनेसाठी याच जंतूंचे संवर्ध बाळगावे लागतात. ते कुलपात आहेत का, त्यांची नोंद होते का, आणि टाकून देण्यापूर्वी ते ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केले जातात का, हे मालकाने स्वतः पाहावे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसारही असा कचरा जागेवरच निर्जंतुक करणे बंधनकारक आहे. विश्लेषकाची नेमणूक करताना पदवीबरोबरच त्याने प्रत्यक्ष सराव कोठे केला, हेही अवश्य विचारावे, ही नम्र विनंती.