ठोसे सोसण्याचे बळ : मुहम्मद अली

ठोसा मारण्याची ताकद सर्वांना दिसते; तो सोसण्याची ताकद फार थोड्यांच्या ध्यानात येते. मुहम्मद अली यांची थोरवी या दुसऱ्या ताकदीत आहे.

३१ मार्च १९७३ रोजी सॅन दिएगो येथे केन नॉर्टन यांच्याशी लढताना अलींचा जबडा मोडला. तरीही ते बाराव्या फेरीपर्यंत उभे राहिले आणि गुणांवर हरले. पुढच्याच वर्षी किन्शासा येथे, सात वर्षांनी तरुण असलेल्या जॉर्ज फोरमन यांच्यापुढे ते दोरांना टेकून राहिले. डोके झाकून त्यांनी दंडांवर, बरगड्यांवर ठोसे झेलले. सरावातही ते सोबत्यांकडून असाच मार खात, शरीराला त्याची सवय लावत. अखेर मारून मारून फोरमन थकले आणि आठव्या फेरीत कोसळले.

परंतु अलींची सर्वांत कठीण लढत रिंगणाबाहेरची होती. १९६४ मध्ये, बाविसाव्या वर्षी, ते जगज्जेते झाले आणि ‘कॅशियस क्ले’ हे गुलामीचे नाव त्यांनी टाकून दिले. १४ ऑक्टोबर १९५६ चा वारसा सांगणाऱ्या आपल्या समाजाला या कृतीचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. मार्ग वेगळे होते; पण लादलेली ओळख नाकारण्याचा निर्धार एकच होता.

२८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टन येथे त्यांनी व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिला. जगज्जेतेपद गेले, परवाना गेला, पारपत्र गेले. पाच वर्षांचा तुरुंगवास आणि दहा हजार डॉलर दंडाची शिक्षा झाली. अपिलामुळे ते तुरुंगाबाहेर राहिले, पण ऑक्टोबर १९७० पर्यंत त्यांना एकही लढत मिळाली नाही. जून १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. पंचविशीतली ती साडेतीन वर्षे मात्र कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नव्हते. पायांतली पूर्वीची चपळाई ओसरली होती. म्हणूनच पुढे ठोसे चुकवण्यापेक्षा सोसण्यावर त्यांना अधिक भिस्त ठेवावी लागली.

त्यांना निर्दोष ठरवण्याचे कारण नाही. जो फ्रेझियर या कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्याची त्यांनी जाहीर हेटाळणी केली. तिथे मैत्री पारमिता उणी पडली. पण दहा पारमितांमधील ‘अधिष्ठान’, म्हणजे ध्येयापासून न ढळण्याचा निश्चय, त्यांच्यात निःसंशय होता.

परदेशातील कार्यालयात एका देशबांधवाने माझे ‘पूर्ण आडनाव’ विचारले, तेव्हा मी हसून विषय बदलला होता. माझी नोकरी जाणार नव्हती, मला कोणी तुरुंगात टाकणार नव्हते. तरीही मी मागे सरलो. अलींविषयी वाचताना तो प्रसंग मला वारंवार बोचतो. आपली मुले व्यायामशाळेत जातात, स्नायू कमावतात. हे चांगलेच आहे. त्यासोबत स्वतःचे नाव ताठ मानेने सांगण्याचा सरावही घरोघरी व्हायला हवा. आणि त्याची सुरुवात आपण, त्यांच्या आईवडिलांनी, केली पाहिजे.

जय भीम!