खुबा मोडल्यावर

सत्तरीपुढची बाई न्हाणीत घसरते. उठता येत नाही, एक पाय आखूड दिसतो आणि पंजा बाहेर वळलेला असतो. रावेर-चोपड्याकडून जळगावला, साक्री-शिरपूरकडून धुळ्याला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत असे पेशंट येतात, तेव्हा घरच्यांचा पहिला प्रश्न ऑपरेशनचा असतो. तो रास्तच आहे, आणि ऑपरेशन जितकं लवकर तितकं चांगलं. पण या वयात जिवाला खरा धोका मोडलेल्या हाडापेक्षा पडून राहण्याचा. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी होतात, पाठीला बेडसोअर होतात. हे टाळणं बहुतांशी सिस्टरांच्या हातात असतं.

ऑपरेशनपर्यंत बऱ्याच ठिकाणी पायाला वजन लावतात. ते अधांतरी लोंबतं राहायला हवं. भेटायला आलेलं कुणी दया येऊन ते स्टुलावर टेकवतं आणि ताणच निघून जातो. पट्टी आवळून बांधली गेली तर गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूने जाणारी नस दबते आणि पाऊल वर उचलेनासं होतं. म्हणून सिस्टर दर फेरीला बोटं हलवायला लावतात, पाऊल गार पडलं का पाहतात, नख दाबून सोडतात. पांढरं झालेलं नख साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. पायाला प्लास्टर असेल तर आणखी एक खूण लक्षात ठेवावी: औषध देऊनही वाढत जाणारी आणि बोटं ताणली की असह्य होणारी कळ. तेव्हा सकाळच्या राउंडची वाट पाहायची नसते, कारण आत दाब वाढला तर काही तासांत स्नायू मरू लागतात.

मे महिन्यात खानदेशात पारा पंचेचाळीसला टेकतो. रेक्झिनच्या गादीवर पाठ घामाने भिजते आणि ओली कातडी लवकर सोलवटते. माकडहाड आणि टाचा आधी लाल होतात. तो लालपणा बोटाने दाबूनही जात नसेल तर बेडसोअरची सुरुवात झाली असं समजावं. तिथे तेल चोळायचा मोह आवरावा. चोळल्याने आतली नाजूक कातडी आणखी दुखावते. दर दोन तासांनी कूस बदलणं, चादर कोरडी आणि बिनसुरकुतीची ठेवणं, टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली उशी देणं, यावरच सगळी भिस्त. मोडलेल्या पायाला आधार देत वळवायला दोन माणसं लागतात, म्हणून सिस्टर घरच्यांनाही ते शिकवतात.

बायका एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. बेडपॅन मागायची लाज वाटते म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, ताप, बद्धकोष्ठ, आणि रक्त घट्ट झालं की गाठींचा धोका. सिस्टरने “काय दुखस, माय?” असं अहिराणीत विचारलं की हे हळूहळू बाहेर येतं. माझ्या मते औषधांच्या तक्त्याइतकंच मोल या प्रश्नाला आहे.

ऑपरेशननंतर शक्यतो दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभं करतात. घरच्यांना धसका बसतो, पण उभं राहण्यानेच फुप्फुसं मोकळी होतात. पडल्या पडल्या घोटे वरखाली करणं आणि दीर्घ श्वास घेणं चालू ठेवायचं. पोटरी सुजून दुखत असेल तर मालिश मुळीच नको. शिरेतली गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते. लगेच सिस्टरना सांगावं. सांध्याचा गोळा बदलला असेल तर दोन्ही पायांत उशी ठेवतात, आणि डॉक्टर परवानगी देईपर्यंत मांडी घालणं, उकिडवं बसणं बंद.

म्हणून घरी जाण्याआधीच खुर्चीचा संडास, उंच पलंग आणि न्हाणीत धरायला दांडी यांची सोय करावी. कळण्याच्या भाकरीबरोबर उडदाची डाळ, दूध, चालत असल्यास अंडी द्यावीत; हाड जुळेपर्यंत उपास नकोत. आणि सुट्टी घेताना हाडांच्या ठिसूळपणावरच्या औषधांचं आवर्जून विचारावं, कारण साध्या पडण्याने एक खुबा मोडला असेल तर दुसराही मोडू शकतो.