फुरशाची शिक्षा मांजऱ्याला

नागपंचमीच्या दिवशी नागोबाच्या चित्रापुढे दूध-लाह्या ठेवणारा आपला समाज वर्षाचे उरलेले दिवस दिसेल त्या सापावर काठी उगारतो, यात आता कोणास नवल वाटत नाही. त्या काठीखाली प्राण सोडणाऱ्यांत एक जीव असा आहे, की दुसऱ्यासारखे दिसणे एवढाच त्याचा अपराध. त्याचे नाव मांजऱ्या साप.

दमणगंगेच्या काठचे सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीजांच्या जोखडातून मुक्त झाले. ज्या दादरा व नगर हवेलीचे ते मुख्य ठिकाण, तो प्रदेश अवघा ४९१ चौरस किलोमीटरचा आणि त्यातील सुमारे ४० टक्के भाग वनाच्छादित. एकीकडे कारखान्यांची रांग, दुसरीकडे खानवेलच्या बाजूचे रान आणि वारल्यांचे पाडे, अशी तेथील आजची स्थिती आहे. रान आणि वस्ती जेथे भिडतात तेथे दिव्याभोवती किडे जमतात, किड्यांमागे पाली येतात आणि पालींमागे, अंधार पडल्यावर, झाडावरचा मांजऱ्या उतरतो. पाहणारा ‘फुरसे!’ म्हणून ओरडतो आणि क्षणार्धात निकाल लागतो.

वस्तुतः मांजऱ्या सौम्य विषाचा. त्याचे विषदंत वरच्या जबड्यात मागच्या बाजूस असतात. पाली, सरडे, लहान पक्षी व उंदीर निपचित करण्यापुरतेच ते विष कामाचे. माणसाच्या जिवास त्यापासून सहसा धोका नाही. मात्र डिवचल्यास तो वेटोळे घालून मान उंचावतो, शेपटी थरथरवतो आणि हा आवच त्याच्या जिवावर बेततो. फुरसे आखूड, जाडसर, खरखरीत खवल्यांचे व जमिनीवर वावरणारे. ते वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज करते. मांजऱ्या सडपातळ, गुळगुळीत, सुमारे तीन फुटांचा, बारीक मानेचा व मोठ्या डोळ्यांचा. डोळ्यांतील उभी बाहुली मात्र दोघांचीही सारखीच. तेवढ्यावरून निवाडा करू नये.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. ही ओळख साप वाचविण्यासाठी आहे, दंशावर निश्चिंत राहण्यासाठी नव्हे. अंधारात चावलेला साप कोणता हे ठरवीत बसणे म्हणजे जिवाशी खेळ. चावलेला अवयव हलू न देता माणसास तत्काळ रुग्णालयात न्यावे; जखम कापणे, घट्ट आवळणे, भगताच्या दारी वेळ दवडणे हे सारे घातक होय. २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष माणसे मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तेव्हा सापाची भीती खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु भीतीला विवेकाची जोड नसेल, तर फुरसे सुटते आणि मांजऱ्या मरतो.

आपल्या रानाविषयी आपणांस किती थोडे ठाऊक आहे, याचा दाखला कोयनेच्या परिसराने दिला. तेथे ओढ्याकाठच्या बेडकांची अंडी खाणारी मांजऱ्यांच्याच गटातील एक जात शास्त्रज्ञांनी २०१९ साली प्रथमच जगापुढे मांडली आणि तिला तेजस ठाकरे यांचे नाव दिले. पश्चिम घाटातून या गटातील नवी जात पुढे येण्यास सव्वाशे वर्षे लागली. ज्याची अद्याप नोंदही झालेली नाही, असा जीव काठीखाली संपत नसेल असे कोणी छातीठोकपणे सांगावे?

वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ पासून आहे. पण काठी कायद्यापेक्षा लवकर हाती येते. म्हणून आमची सूचना साधी आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांची आणि त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या निरुपद्रवी सापांची चित्रे प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर, आश्रमशाळेत व आरोग्य केंद्रात लावावीत. खाली साप पकडणाऱ्या प्रशिक्षित माणसाचा दूरध्वनी क्रमांक लिहावा आणि आरोग्य केंद्रात प्रतिविषाचा साठा सदैव राहील हे शासनाने पाहावे. खर्च थोडा आहे. त्यातून माणूस वाचेल आणि मांजऱ्याही. नागपंचमीच्या पूजेला त्यानेच अर्थ येईल.