मैलापाणी सांडलं, आता कळवायचं कोणी?

कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी पुन्हा पुन्हा वाचायला मिळते: जयंती नाला ओसंडला, मैलापाणी थेट पंचगंगेत. बांधावरून कोसळणाऱ्या काळ्या पाण्याचा फोटो ठरलेला आणि वीज गेली होती किंवा पंप नादुरुस्त होता हा खुलासाही ठरलेला. दोन दिवसांत विषय मिटतो. नदी मात्र तिथे थांबत नाही. रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असं करत ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि या वाटेवर कितीतरी जॅकवेल, म्हणजे नळयोजनांसाठी नदीचं पाणी उचलणाऱ्या विहिरी, आणि शेतीपंप तिच्यात तोंड घालून बसलेले आहेत. पेपरात छापून आलं म्हणजे त्या सगळ्यांना कळलं, असं आपण धरून चालतो. कायदा तसं धरत नाही. सांडलेल्या मैलापाण्याबद्दल लोकांच्या, सोसायट्यांच्या आणि खुद्द काही अधिकाऱ्यांच्या डोक्यात जे पक्के समज आहेत, त्यांची मुळं इथेच सापडतात.

“मुद्दाम कुठे सोडलं? अपघात झाला. त्यात कळवायचं काय?”

उलट, अपघात झाला म्हणूनच कळवायचं. पाणी (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम 1974 मधलं 31 वं कलम नेमकं याचसाठी आहे. अपघाताने किंवा अनपेक्षित घटनेने घातक अथवा प्रदूषित पदार्थ नदी-नाल्यात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर जात असेल, किंवा जाण्याची शक्यता असेल, तर त्या जागेचा प्रभारी माणूस राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि ठरवून दिलेल्या इतर यंत्रणांना तत्काळ कळवायला बांधील आहे. “शक्यता असेल तर” हे शब्द नीट वाचावेत. पाणी ओसंडायची वाट बघायची नाही. ओसंडणार असं दिसलं की फोन करायचा.

हे कलम फक्त कारखान्यांसाठी आहे, असं पुष्कळांना वाटतं. तेही खरं नाही. त्याच कलमाचा दुसरा भाग सांगतो की स्थानिक संस्था मलनिःसारण व्यवस्था चालवत असेल, तर कारखान्याच्या प्रभाऱ्याला जे लागू तेच तिलाही लागू. म्हणजे महापालिका आणि नगरपरिषदाही आल्या. शिवाय न कळवण्याबद्दल वेगळा दंड आहे. पाणी सांडण्याबद्दलचं उत्तर एका कलमाखाली द्यायचं आणि गप्प बसण्याचं दुसऱ्या. नुसतं सांडण्याबद्दल समजून घेता येईल, यंत्र आहे, बिघडतं. गप्प बसण्याला मात्र यंत्राचं निमित्त चालत नाही.

“लाईट गेली, आमचा काय दोष?”

हा खुलासा समजून घ्यायचा तर एकदा पंपिंग स्टेशन जवळून बघावं. नाल्याचं किंवा ड्रेनेजचं पाणी आधी लोखंडी जाळीवर येतं. तिथे प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या, डायपर, निर्माल्य, कधी अख्खा नारळ अडकतो, आणि माणूस दाताळ्याने तो गाळ ओढून बाजूला काढत असतो. जाळीपलीकडे विहीर. त्या विहिरीतून पंप पाणी उचलतात आणि प्रक्रिया केंद्राकडे ढकलतात. ही विहीर मुद्दामच लहान ठेवलेली असते. मैलापाणी फार वेळ साचलं की कुजतं, विषारी वायू सुटतो, म्हणून सरासरी प्रवाहाचं जेमतेम अर्ध्या तासाचं पाणी मावेल, असाच तिचा हिशोब असतो.

म्हणजे वीज जाऊन जनरेटर सुरू झाला नाही, तर अर्ध्या-पाऊण तासात पाणी बाहेर येणार, हे ते स्टेशन बांधतानाच ठाऊक असतं. जी गोष्ट आधीपासून माहीत आहे, तिला अनपेक्षित कसं म्हणायचं? जनरेटर, त्यातलं डिझेल, जादा पंप, साफ जाळी ही सगळी रोजच्या कामाची यादी आहे. प्रत्यक्षात जनरेटर असतो, बॅटरी उतरलेली असते. पंप दोन असतात, त्यातला एक दुरुस्तीला गेलेला असतो आणि त्याची फाईल मंजुरीला.

“आधी दुरुस्ती, मग कागदपत्रं”

ऐकायला शहाणपणाचं वाटतं, आणि म्हणूनच हा समज सगळ्यात घातक आहे. कळवणं म्हणजे मंडळाकडे जाऊन कबुलीजबाब देणं, असं आपल्याकडे झालंय. प्रत्यक्षात त्या फोनची सगळ्यात जास्त गरज असते खालच्या गावाच्या पाणीपुरवठ्याच्या ऑपरेटरला.

जलशुद्धीकरण केंद्रावर क्लोरीनचा डोस रोजच्या कच्च्या पाण्याच्या अंदाजाने ठरलेला असतो. मैलापाण्यात अमोनिया आणि सेंद्रिय घाण भरपूर. ते पाणी जॅकवेलला आलं की क्लोरीन आधी त्या अमोनियाशी आणि घाणीशी लढण्यातच संपतो. जंतू मारायला उरत नाही. ऑपरेटरला तासभर आधी कळलं तर तो उपसा थांबवू शकतो, टाकीतलं जुनं पाणी पुरवून वापरू शकतो, डोस वाढवू शकतो. गावपातळीवर जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर जास्त टाकून ओटी टेस्टचा, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन दाखवणाऱ्या चाचणीचा, पिवळा रंग पुन्हा पुन्हा तपासू शकतो. कळलंच नाही तर रोजचाच डोस पडतो आणि पाणी नळाला जातं.

2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली, पंचगंगेच्या प्रदूषणाचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा एक मोठा कारक म्हणजे हेपॅटायटिस ई. त्याचा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. दवाखान्यांत गर्दी होते तेव्हा फुटलेली लाईन कधीच दुरुस्त झालेली असते. कुठे, कधी, किती वेळ सांडलं याची त्या वेळी नोंद झाली नसेल, तर दोन महिन्यांनी कुठल्याही तज्ज्ञाला ते शोधता येत नाही. “कारण स्पष्ट झाले नाही” असा शेरा अहवालात येतो तो बहुधा असा.

नदीपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसतं. पुरवठा बंद झाला की जलवाहिनीतला दाब जातो, आणि शेजारून जाणारी ड्रेनेज लाईन फुटलेली असेल तर तिचं पाणी सांध्यांतून आत शोषलं जातं. सकाळी नळाचं पहिलं पाणी गढूळ आणि वासाचं येतं ते यामुळेही. गल्लीतलं चेंबर चोकअप होऊन वाहतंय, ही म्हणूनच नुसती ड्रेनेज खात्याची तक्रार नसते. ती पाणीपुरवठा खात्यालाही त्याच दिवशी गेली पाहिजे.

“नदीवर फेस आला, म्हणजे कारखान्याचंच काम”

आळंदीला इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे डोंगर दिसले की बोट लगेच कारखान्यांकडे जातं. कारखाने निर्दोष आहेत, असं मी म्हणणार नाही. पण आपल्या मोरीतून जाणारा साबण आणि कपड्यांची पावडरही फेस करते, आणि पाणी बंधाऱ्यावरून आपटलं की तो फुलतो. आकडे बोलके आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार महाराष्ट्राच्या शहरांत रोज सुमारे 9,107 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं. प्रक्रिया केंद्रांची उभारलेली क्षमता 6,890, आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते सुमारे 4,242 दशलक्ष लिटरवर. उरलेलं निम्म्याहून जास्त पाणी रोज, विनाअपघात, नदी-नाल्यात आणि समुद्रात जातं. त्याच मंडळाच्या 2022 च्या यादीत देशातले 311 प्रदूषित नदीपट्टे आहेत, त्यातले 55 महाराष्ट्रातले, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त.

“आमच्याकडे एसटीपी आहे”

वरच्या दोन आकड्यांतली तफावत, 6,890 आणि 4,242, हेच या वाक्याचं उत्तर. एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र, उभं राहिलं तरी त्याला जोडणाऱ्या वाहिन्या झालेल्या नसतात, किंवा झाल्या तर केंद्र अर्ध्या क्षमतेने चालतं.

हाच प्रकार मोठ्या गृहसंकुलांत लहान प्रमाणावर दिसतो. 20 हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम असलं की पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अटींत बहुधा सोसायटीचा स्वतःचा एसटीपी येतो. बिल्डर तो बांधून देतो, हस्तांतर होतं, आणि मग तो चालवण्याची जबाबदारी कमिटीवर पडते. वीजबिल बघून कुणीतरी रात्री ब्लोअर बंद करायची टूम काढतं. ब्लोअर बंद म्हणजे टाकीतल्या जिवाणूंना हवा बंद. रोज असं झालं की त्यातले पुष्कळ गुदमरून मरतात, आणि ती फौज पुन्हा उभी राहायला बरेच दिवस लागतात. तोवर टाकीतून बाहेर पडतं ते अर्धवटच शुद्ध झालेलं पाणी. दिसायला मात्र ते बऱ्यापैकी नितळ असू शकतं, आणि त्यावरूनच सेक्रेटरी “बघा, स्वच्छ आहे” म्हणतात.

नितळपणा हा निकषच नाही. 2017 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार एसटीपीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात विष्ठेतल्या कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या 100 मिलिलिटरमागे 1,000 च्या खाली हवी, आणि बीओडी, म्हणजे घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते त्याचं माप, महानगरांत लिटरला 20 मिलिग्रॅम, इतरत्र 30. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने हे निकष आणखी कडक करायला सांगितलं. तुमच्या सोसायटीला कुठला आकडा लागू, ते प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात छापलेलं असतं. कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये ते संमतीपत्र मागून बघा. पुष्कळ ठिकाणी ते कुठल्या कपाटात आहे हेच कुणाला सांगता येत नाही.

“पावसाळ्यात सगळं धुऊन जातं”

जातं, पण कुठे ते विचारावं. शिवाय गच्चीचं पावसाचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरला जोडायची आपली जुनी खोड आहे. मैलापाण्याची लाईन पावसाच्या पाण्यासाठी केलेलीच नसते. ती भरते आणि सखल भागातल्या चेंबरमधून उलटी बाहेर येते. मग कुणीतरी पाणी ओसरावं म्हणून मॅनहोलचं झाकण उघडतं. मुंबईत 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात अशा उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला. झाकणाला हात लावायचा नाही. मुंबईत असाल तर 1916 ला फोन करायचा, इतरत्र आपापल्या वॉर्ड ऑफिसला.

चोकअप काढायला सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवणं तर हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हाच आहे, आणि त्यात सोसायटीने बोलावलेला खासगी ठेकेदारही सुटत नाही. जेटिंग मशिन आणि सक्शन गाडी मागवावी. टाकी किंवा गटार सफाईसाठीची हेल्पलाइन 14420 आहे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली.

“बाटलीत नमुना भरला, पुरावा झाला”

कार्यकर्ते काळ्या पाण्याची बाटली घेऊन अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवतात. निषेध म्हणून ठीक; खटल्यात तिचा उपयोग नाही. पाणी अधिनियमाच्या 21 व्या कलमाप्रमाणे मंडळाच्या माणसाने जागेच्या प्रभाऱ्याला सूचना देऊन नमुना घ्यावा लागतो, त्याच्यासमोर दोन भाग करून, सीलबंद करून, सह्या करून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. ही रीत पाळली नाही तर अहवाल पुराव्यात धरत नाहीत. म्हणून नागरिकाने आपली ताकद बाटलीवर घालवू नये. वेळ आणि ठिकाण उमटलेले फोटो, पाणी कुठून येतंय आणि कुठे जातंय, जवळ विहीर किंवा जॅकवेल आहे का, एवढं लिहून महापालिकेला आणि मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला एकाच वेळी पाठवावं, आणि पाणी वाहत असतानाच नमुना घ्या अशी लेखी मागणी करावी. दुसऱ्या दिवशी आलेल्या पथकाला कोरडा नाला सापडतो.

“तक्रारीने काही होत नाही”

तोंडी तक्रारीने खरंच फारसं होत नाही. पण याच कायद्याच्या 49 व्या कलमात सामान्य माणसासाठी एक वाट ठेवली आहे, आणि ती फार कमी लोक वापरतात. कुणाविरुद्ध, कशाबद्दल आणि आपण न्यायालयात जाणार आहोत, असं लिहून मंडळाला किमान 60 दिवसांची नोटीस द्यायची. त्यानंतर कुठलाही नागरिक स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यासमोर तक्रार दाखल करू शकतो. आणि तशी तक्रार दाखल केल्यावर मागितले तर मंडळाला आपल्याकडचे संबंधित अहवाल त्याला द्यावे लागतात. सार्वजनिक हिताला बाधा येईल असं वाटलं तरच नाकारता येतात. न घेतलेल्या नमुन्याचा अहवाल मात्र कुणाकडेच नसतो, म्हणून नोटिशीच्या पहिल्याच परिच्छेदात आपण कुठल्या तारखेला, किती वाजता नमुना घ्यायला सांगितलं होतं ते लिहावं.